बुडायला आलेली टेक कंपनी सरकारने वाचवावी का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयटी, टेलिकॉम, स्टार्टअप यांत काम करणारी गोव्यातली मंडळी भेटली की हल्ली हा विषय निघतोच, आणि निघाला की लगेच दोन तट पडतात. काहीजण म्हणतात सरकारने हात द्यायलाच पाहिजे, मागे हजारो घरं आहेत. बाकीचे म्हणतात माझ्या टॅक्सच्या पैशातून कुणा मालकाचं कर्ज का फेडायचं. मला दोन्हींत तथ्य वाटतं. म्हणून लोक जे प्रश्न परत परत विचारतात ते इथे घेतलेत, उत्तरं जमेल तेवढी सरळ दिलीत, आणि जिथे माझं मत आहे तिथे ते मत म्हणूनच लिहिलंय.

सरकारने कंपनी "वाचवली" म्हणजे नक्की काय केलं?

बहुतेकांना वाटतं सरकारने चेक फाडला. तसं होतं कधीकधी, पण नेहमी नाही. कधी सरकार बँकेला सांगतं की कर्ज द्या, बुडलं तर आम्ही भरू, म्हणजे गॅरंटी. कधी कंपनी सरकारचंच देणं लागत असते, ते सरकार पुढे ढकलतं किंवा त्याच्या बदल्यात शेअर घेतं. कधी नुसतं जुनं संचालक मंडळ घरी पाठवून नवीन माणसं बसवतं आणि खरेदीदार शोधतं, त्यात सरकारचा रुपयाही जात नाही. आणि कधी कंपनी मुळातच सरकारची असते, मग पॅकेजवर पॅकेज येतं. या सगळ्याला पेपरात एकच शब्द येतो, बेलआउट, आणि तिथूनच अर्धा गोंधळ सुरू होतो, कारण यातल्या प्रत्येक प्रकारात पैसे कोण भरतो आणि कोण सुटतो हे वेगळं असतं.

मग तुमचं म्हणणं काय, वाचवावी की नाही?

माणसं वाचवावीत, लोक ज्या सेवेवर अवलंबून आहेत ती चालू ठेवावी, मालक आणि गुंतवणूकदारांना वाचवू नये. आणि सरकारचा पैसा गेलाच तर त्याच्या बदल्यात सरकारला हिस्सा मिळावा, आणि पहिला तोटा मालकाने सोसावा. खालची सगळी उत्तरं यावरच आहेत.

पण सत्यमला सरकारने वाचवलं आणि ते तर यशस्वी झालं ना?

झालं, आणि कसं झालं ते नीट बघण्यासारखं आहे, कारण लोक "सत्यमला वाचवलं मग यांना का नाही" असं म्हणताना नेमकी महत्त्वाची गोष्ट विसरतात.

७ जानेवारी २००९ ला सत्यम या हैदराबादच्या आयटी कंपनीचे संस्थापक रामलिंग राजूंनी पत्र लिहून कबूल केलं की हिशेबात वर्षानुवर्षं खोटे आकडे दाखवलेत, सात हजार कोटींच्या वरचा घोटाळा. कंपनीचे कर्मचारी कागदावर पन्नास हजारांहून जास्त. शेअर आदल्या वर्षी पाचशेच्या वर होता तो दोन-तीन दिवसांत दहा-अकरा रुपयांवर आला. जगभरातल्या मोठमोठ्या कंपन्यांची कामं सत्यमकडे होती आणि ग्राहक पळायच्या तयारीत होते. तेव्हा केंद्र सरकारने काही दिवसांतच जुनं बोर्ड बरखास्त केलं आणि किरण कर्णिक, दीपक पारेख, सी. अच्युतन यांना आणून बसवलं, मग आणखी तिघांना. पगाराला पैसे नव्हते तर नव्या बोर्डाने बँकांकडून कर्ज उभं केलं. एप्रिलमध्ये लिलाव झाला, टेक महिंद्राने शेअरमागे ५८ रुपये देऊन कंपनी घेतली आणि २०१३ मध्ये ती स्वतःत विलीन करून टाकली. राजूंना २०१५ मध्ये कोर्टाने सात वर्षांची शिक्षा सुनावली.

आता यात सरकारने तिजोरीतून कंपनीत किती ओतले? काहीच नाही. सरकारने दिली ती विश्वासाची माणसं आणि वेग. मालक गेला, शेअरधारकांना फटका बसला, कंपनीचं काम आणि बहुतेक नोकऱ्या राहिल्या. बहुतेक म्हणतोय, सगळ्या नाही, कारण नंतर हजारो जणांना कमी पगारावर घरी बसवलं होतं आणि त्यातल्या बऱ्याच जणांना दुसरीकडेच जावं लागलं, हे यशाच्या गोष्टीत कोणी सांगत नाही.

आणखी एक गोष्ट, सत्यमचा धंदा खरा होता. ग्राहक खरे, काम खरं, फक्त वहीतले आकडे खोटे. ज्या कंपनीचा धंदाच मुळात चालत नाही तिला किरण कर्णिकांसारखी दहा माणसं दिली तरी काय करणार?

व्होडाफोन आयडियात सरकारचा एवढा मोठा हिस्सा कसा आला?

हे प्रकरण जरा गुंतागुंतीचं आहे. टेलिकॉम कंपन्यांनी कमाईचा ठराविक वाटा सरकारला द्यायचा असतो. कमाई म्हणजे फक्त फोन-डेटाची की कंपनीला मिळालेलं भाडं, व्याज वगैरे सगळंच, यावर वर्षानुवर्षं भांडण चाललं होतं. २४ ऑक्टोबर २०१९ ला सुप्रीम कोर्टाने सरकारचं म्हणणं मान्य केलं आणि मागच्या सगळ्या वर्षांचं देणं व्याज-दंडासकट एकदम अंगावर आलं, व्होडाफोन आयडियाच्या वाट्याला साधारण ५८ हजार कोटी, स्पेक्ट्रमचे हप्ते वेगळेच. कंपनीची तेव्हा जिओशी झुंजताना आधीच दमछाक झाली होती. २०२१ मध्ये कंपनीचे प्रवर्तक कुमार मंगलम बिर्लांनी सरकारला लिहून कळवलं की आमचा हिस्सा हवा त्या सरकारी कंपनीला द्या पण कंपनी चालू ठेवा.

मग सरकारने आधी चार वर्षं हप्ते थांबवले, २०२३ मध्ये १६,१३३ कोटींच्या व्याजाचे शेअर घेतले, मार्च २०२५ मध्ये आणखी ३६,९५० कोटींचे, आणि हिस्सा ४९ टक्क्यांच्या काठावर गेला. शेअर घेतले दहा रुपयांना, तेव्हा बाजारात भाव सात रुपयांच्या आसपास होता. शेअरची दर्शनी किंमतच दहा रुपये, त्याच्या खाली नवीन शेअर देता येत नाही असा कायदा आहे, त्यामुळे दुसरा मार्ग नव्हता असं सांगतात. मान्य. पण सामान्य माणूस विचारतो की सात रुपयांची वस्तू दहाला घेतली ती माझ्याच पैशाने ना, तर त्याचं काय चुकलं? आणि एवढा हिस्सा घेऊनही कंपनी चालवायला जुनेच प्रवर्तक. इथे मला खटकतं.

तरीही ही कंपनी बुडू द्यायला हवी होती असं मी म्हणणार नाही. जवळपास वीस कोटी ग्राहक आहेत. आणि ती गेली असती तर खासगीत दोनच कंपन्या उरल्या असत्या. जुलै २०२४ मध्ये तिघांनी पाठोपाठ दर वाढवले तेव्हा लोकांची काय चिडचिड झाली ते आठवा, मग दोनच असते तर काय झालं असतं. शिवाय देणं वाढण्यात सरकारच्या धोरणाचाही हात होता, त्यामुळे सरकारने काहीतरी करणं भागच होतं. माझा आक्षेप अटींवर आहे. दहाला घेताय तर घ्या, पण मग बोर्डावर लोकांच्या बाजूने बोलणारी माणसं बसवा, जसं सत्यममध्ये केलं.

बीएसएनएलवर एवढे पैसे का घालवायचे? कोण वापरतं?

हा प्रश्न पणजी-मडगावात राहणारे विचारतात. वाळपईच्या पुढे आत जा, सत्तरीत किंवा सांग्याच्या डोंगराळ गावांत, तिथे हा प्रश्न कोणी विचारणार नाही. २०२० मध्ये शाळा ऑनलाइन झाल्या तेव्हा तिकडची मुलं नेटवर्कसाठी डोंगरावर जाऊन बसत होती, पावसात छत्री डोक्यावर, मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत, एक दांडी आली की घाईघाईने वहीचे फोटो पाठवायचे, बातम्याही आल्या होत्या तेव्हा. तीसचाळीस घरांच्या वाड्यासाठी खासगी कंपनी टॉवर टाकत नाही, तिला ते परवडत नाही आणि तिचं तसं वागणं धंद्याच्या हिशेबाने बरोबरच आहे. तिथे टॉवर टाकायचा तर तो सरकारनेच.

पण म्हणून आकड्यांकडे डोळेझाक करू नका. २०१९ मध्ये साधारण ६९ हजार कोटी, २०२२ मध्ये १.६४ लाख कोटी, २०२३ मध्ये आणखी ८९ हजार कोटी, अशी तीन पॅकेजेस झाली. पहिल्या पॅकेजात बीएसएनएलच्या ७८ हजारांवर कर्मचाऱ्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. २०२४-२५ च्या तिसऱ्या तिमाहीत २६२ कोटींचा नफा दाखवला, २००७ नंतर पहिल्यांदा. आणि स्वदेशी ४जी देशभर सुरू झालं सप्टेंबर २०२५ मध्ये. जिओचं ४जी आलं होतं सप्टेंबर २०१६ मध्ये. नऊ वर्षं. या नऊ वर्षांत ज्यांना परवडलं ते सगळे दुसऱ्या कंपनीकडे गेले, आणि मग आपणच म्हणतो बीएसएनएल कोण वापरतं.

पैसा उशिरा आणि तुकड्या-तुकड्याने दिला की दोन्हीकडून नुकसान होतं, पैसाही जातो आणि गिऱ्हाईकही. द्यायचाच असेल तर वेळेवर द्या आणि कशासाठी ते लिहून द्या, इतक्या गावांत इतक्या महिन्यांत नेटवर्क, आणि तो हिशेब लोकांसमोर ठेवा. ४जी-५जीसाठी सी-डॉट, तेजस आणि टीसीएसने मिळून देशातच तंत्रज्ञान उभं केलं हा खरा मोठा फायदा आहे, तो मी मोजतो.

बाहेरच्या देशांत काय अनुभव आहे?

सगळ्या प्रकारचे आहेत, म्हणूनच कोणीही आपल्या सोयीचं उदाहरण उचलून दाखवतो.

जपानची एल्पिडा, डीरॅम प्रकारच्या मेमरी चिप बनवणारी. २००९ मध्ये सरकारी विकास बँकेने तिच्यात ३० अब्ज येन घातले, कारण देशात ही एकच अशी कंपनी उरली होती. चिपचे भाव कोसळले, येन महाग झाला, आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये जवळपास ४५० अब्ज येनचं कर्ज डोक्यावर घेऊन ती कोर्टात गेली. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या मायक्रॉनने घेतली. लोकांच्या पैशाने तीन वर्षं ढकलली एवढंच.

अमेरिकेत सौर पॅनल बनवणाऱ्या सोलिंड्राला ऊर्जा खात्याकडून ५३.५ कोटी डॉलरच्या कर्जाची सरकारी गॅरंटी मिळाली, २०११ मध्ये कंपनी बुडाली आणि राजकारणात केवढा गदारोळ झाला. त्याच खात्याने टेस्लाला ४६.५ कोटी डॉलर दिले होते, ते टेस्लाने २०१३ मध्येच मुदतीच्या नऊ वर्षं आधी फेडले. लोक म्हणतात बघा एक बुडली, एक तरली, बरोबरी झाली. नाही झाली. बुडालेलीचा तोटा सगळा सरकारचा, आणि तरलेलीकडून मिळालं फक्त मुद्दल आणि व्याज, पुढे शेअर कुठल्या कुठे गेला त्यातलं फारसं काही नाही. हिस्सा घ्या असं मी का म्हणतो ते इथे कळतं. ऑगस्ट २०२५ मध्ये इंटेलच्या बाबतीत अमेरिकेने हेच केलं, आधी अनुदान म्हणून द्यायच्या पैशातले ८.९ अब्ज डॉलर दिले आणि जवळपास दहा टक्के शेअर घेतले. इंटेलला २०२४ मध्ये जवळपास १९ अब्ज डॉलरचा तोटा झाला होता. पुढे काय होतं ते बघायचं, पण निदान वर गेलं तर लोकांनाही मिळेल.

ब्रिटनने २०२० मध्ये दिवाळ्यात निघालेली वनवेब ही उपग्रह कंपनी आपल्या एअरटेलवाल्या भारती समूहासोबत मिळून घेतली, दोघांनी ५० कोटी डॉलर प्रत्येकी. जुने गुंतवणूकदार बाहेर, उपग्रह चालू. ही पद्धत मला पटते, कंपनी दिवाळ्यात जाऊ द्या आणि मग उपयोगाचं असेल ते विकत घ्या.

आणि कॅनडाची नॉर्टेल, टेलिकॉमची उपकरणं बनवणारी, एकेकाळी देशातली सगळ्यात मोठी कंपनी. २००९ मध्ये कोर्टात गेली, सरकारने वाचवलं नाही. नॉर्टेलची नुसती पेटंटं २०११ मध्ये साडेचार अब्ज डॉलरला गेली, ॲपल, मायक्रोसॉफ्ट, सोनी यांच्या गटाला. आणि निवृत्त कर्मचारी मात्र कापलेल्या पेन्शनसाठी वर्षानुवर्षं कोर्टाच्या फेऱ्या मारत राहिले. कंपनी न वाचवणं हा निर्णय घेता येतो, पण माणसांसाठी काहीच न करता तो घेतला तर असं होतं.

काही कंपन्या एवढ्या मोठ्या आहेत की बुडूच देता येत नाहीत, मग?

मार्च २०२० आठवतो? ५ तारखेला रात्री रिझर्व्ह बँकेने येस बँकेवर निर्बंध आणले आणि फोनपे बंद पडलं, कारण त्यांचं यूपीआय येस बँकेवरून चालायचं. दुकानात क्यूआर समोर लोक उभे, पैसे जाईनात. दुसऱ्या दिवशी आयसीआयसीआयकडे जोडून त्यांनी ते सुरू केलं. बँकेला स्टेट बँकेने आणि इतरांनी वाचवलं, पण तिचे ८,४१५ कोटींचे एटी-१ बाँड, म्हणजे जास्त व्याजाचे पण जोखमीचे रोखे, शून्य केले गेले. ठेवीदार वाचले, जोखीम घेऊन जास्त व्याज घेणारे नाही वाचले. (त्यात काही सामान्य ज्येष्ठ नागरिकही अडकले ज्यांना हे बाँड एफडीसारखे आहेत असं सांगून विकले गेले, तो वेगळा अन्याय आहे.)

२०२४ मध्ये पेटीएम पेमेंट्स बँकेचं झालं तेव्हा आणखी चांगलं जमलं. रिझर्व्ह बँकेने बँकेला थांबवलं, पण मुदत वाढवून दिली, यूपीआय हँडल दुसऱ्या चार बँकांवर हलवली, आणि रस्त्यावरच्या शहाळीवाल्याचा पेटीएमचा क्यूआर चालूच राहिला. कुणालाही पैसे देऊन वाचवावं लागलं नाही.

म्हणजे "बुडूच देता येत नाही" ही परिस्थिती आधीच तयार होऊ द्यायची नसते. यूपीआयचे साधारण ८० टक्के व्यवहार आज फोनपे आणि गुगल पे या दोघांवर चालतात. एका ॲपकडे ३० टक्क्यांहून जास्त वाटा नको असा यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयचा नियम आहे, पण त्याची मुदत पुढे पुढे जातेय, आता डिसेंबर २०२६. ती परत पुढे गेली तर तक्रार करायला हवी आपण.

गोव्यात खाणवाल्यांना मदत झाली, साखर कारखान्याला झाली, आयटीवाल्यांनी काय घोडं मारलंय?

हा प्रश्न रागाने विचारला जातो आणि राग समजण्यासारखा आहे. पण नेमकी मदत कुणाला झाली ते बघा. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा सरकारने ट्रकवाल्यांसाठी, बार्जवाल्यांसाठी कर्जमुक्तीची योजना काढली, डिचोली-सत्तरी-सांग्यात घरासमोर उभ्या ट्रकांच्या चाकांत गवत वाढलं होतं आणि बँकेच्या नोटिसा येत होत्या. ती मदत ट्रकच्या मालकाला होती, तो स्वतःच ड्रायव्हर किंवा त्याचा मुलगा ड्रायव्हर. धारबांदोड्याच्या संजीवनी कारखान्याचं गाळप थांबल्यावर ऊसवाल्या शेतकऱ्यांना सरकारने भरपाई दिली, कारखाना आजही बंदच आहे, म्हणजे तिथेही शेवटी माणसं धरली, कारखाना नाही. मात्र बंद होण्याआधी कित्येक वर्षं तोट्यातला कारखाना ओढत राहिले, तेच पैसे आधी शेतकऱ्याला दुसऱ्या पिकाकडे वळवायला लावले असते तर बरं झालं असतं असं मला वाटतं.

आणि म्हापसा अर्बन बँक आठवा. २०२० मध्ये परवाना गेला. मडगाव अर्बनचा २०२१ मध्ये. बँका कुणी वाचवल्या नाहीत, पण ठेव विम्याची मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्येच एक लाखाची पाच लाख झाली होती, त्यामुळे बहुतेक सगळ्या ठेवीदारांना पूर्ण पैसे मिळण्याची सोय होती. मला आयटीवाल्यांसाठी नेमकं हेच हवंय. बँकेतल्या ठेवीला विमा आहे, मग महिनाभर राबून कमावलेल्या पगाराला का नको?

कंपनी दिवाळ्यात गेली की कर्मचाऱ्याला काय मिळतं?

थोडक्यात, कायद्यात बरंच आणि हातात थोडंच.

२०१६ चा दिवाळखोरी कायदा सांगतो की कंपनी विकून पैसे वाटताना कामगारांची मागच्या २४ महिन्यांची थकबाकी तारण असलेल्या बँकांच्या बरोबरीने धरायची, आणि बाकीच्या कर्मचाऱ्यांची १२ महिन्यांची त्यांच्यानंतर. आता सॉफ्टवेअर इंजिनिअर "कामगार" की "बाकीचा" यावरच वाद. पीएफ, ग्रॅच्युइटीचा फंड या वाटणीत घेता येत नाही, तो वेगळा राहतो. केस मुंबईच्या एनसीएलटीपुढे, म्हणजे कंपन्यांच्या खटल्यांच्या न्यायाधिकरणापुढे चालते, गोव्याच्या कंपन्यांचीही, आणि ३३० दिवसांत संपवायची असं कायद्यात आहे पण प्रत्यक्षात त्याहून कितीतरी जास्त लागतात. सगळ्यात मोठी अडचण म्हणजे वाटायला असतं काय? साखर कारखान्याची जमीन असते, यंत्रं असतात. टेक कंपनीकडे भाड्याचं ऑफिस, भाड्याचा सर्व्हर आणि जुने लॅपटॉप. कंपनीची खरी मालमत्ता म्हणजे तिथली माणसं, आणि ती संध्याकाळी घरी गेलेली असतात.

माझ्या ओळखीतल्या एका मुलीचं सांगतो, फोंड्याची, पहिलीच नोकरी, कंपनीचं नाव देत नाही. पगार उशिरा यायला लागला, मग अर्धा यायला लागला, आणि एक दिवस मेल आला की उद्यापासून येऊ नका. पीएफ तरी असेल म्हणून तिने मोबाईलवर पासबुक उघडलं. वरच्या ओळी भरलेल्या, आणि मग एका महिन्यापासून पुढे काहीच नाही. पगाराच्या स्लिपवर मात्र दर महिन्याला पीएफ कापलेला, शेवटच्या स्लिपवरसुद्धा. स्लिप आणि पासबुक शेजारी शेजारी ठेवून ती बघत बसली होती आणि मला विचारत होती की मग माझे कापलेले पैसे गेले कुठे? कर्मचाऱ्याचा वाटा कापून न भरणं हा विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा धरला जातो, हे तिला आम्ही सांगितलं, तक्रारही केली. पण घराचं भाडं त्या तक्रारीतून निघत नाही.

म्हणून म्हणतो, जर्मनीसारखी सोय हवी. तिथे कंपनी दिवाळ्यात गेली की मागच्या तीन महिन्यांचा हातात येणारा पगार सरकारी रोजगार संस्था देते, आणि तो पैसा टॅक्समधून नाही तर सगळ्या मालकांकडून पगाराच्या एक टक्क्याहूनही खूप कमी अशा वर्गणीतून जमतो. कॅनडातही २००८ पासून पगाराच्या संरक्षणाची योजना आहे. आपल्याकडे ईएसआयसीची, म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळाची, अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे, नोकरी गेली तर ९० दिवस अर्धा पगार, पण ती ईएसआयसीत असलेल्यांना, आणि २१ हजारांच्या वर पगार असला की तुम्ही त्यात नसताच. म्हणजे वेर्णा-पर्वरीतले बहुतेक आयटीवाले बाहेर. कंपनी वाचवा म्हणून मोर्चा काढण्यापेक्षा ही मर्यादा बदला म्हणून काढला तर मी पहिला येईन.

स्टार्टअप पॉलिसीतली सबसिडी म्हणजे पण बेलआउटच झाला ना?

नाही. सुरू करायला मदत वेगळी आणि बुडताना उचलणं वेगळं. गोव्याच्या स्टार्टअप पॉलिसीत भाडं, पगार वगैरेचा काही भाग परत मिळतो, तो सगळ्यांना सारख्या नियमाने आणि ठरलेल्या मर्यादेत. बेलआउट एका कंपनीसाठी असतो आणि ती कोणती हे मंत्रालयात ठरतं. ओळखीचं राजकारण तिथे शिरतं, छोट्या राज्यात तर जास्तच, कारण इथे सगळे सगळ्यांना ओळखतात.

एआय कंपन्यांचा फुगा फुटला तर? सरकारं त्यांना वाचवतील?

नोव्हेंबर २०२५ मध्ये चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयच्या वित्त प्रमुख सारा फ्रायर एका कार्यक्रमात सरकारच्या पाठबळाबद्दल काहीतरी बोलून गेल्या, दुसऱ्या दिवसापर्यंत केवढा गोंधळ. त्यांनी लगेच खुलासा केला, कंपनीचे प्रमुख सॅम ऑल्टमननीही लिहिलं की आम्हाला सरकारी गॅरंटी नको, आणि व्हाइट हाऊसमधले डेव्हिड सॅक्स म्हणाले की एआयसाठी बेलआउट मिळणार नाही, एक कंपनी गेली तर दुसऱ्या आहेत. हे ऐकायला बरं वाटतं. पण याच कंपनीने तेव्हा पुढच्या आठ वर्षांत साधारण १.४ लाख कोटी डॉलर खर्च करायची वचनं देऊन ठेवली होती, त्यात चिपवाले, डेटा सेंटरवाले, कर्ज देणारे सगळे एकमेकांत अडकलेत. अडचण आली तर मागणी कंपनीच्या नावाने येणार नाही, देशाच्या सुरक्षेच्या नावाने येईल, चीनच्या पुढे राहायचंय म्हणून येईल. आयजीच्या जिवावर बायजी उदार, तसं व्हायला नको. नफा झाला तर गुंतवणूकदारांचा, तोटा झाला तर देशाचा, हा सौदा तिथल्या लोकांनी का मान्य करावा आणि उद्या इथे कोणी मागितला तर आपण का करावा?

"सिलिकॉन व्हॅली बँकेला तर दोन दिवसांत वाचवलं की!"

बँकेला नाही, ठेवीदारांना. १० मार्च २०२३ ला अमेरिकेतली ही बँक बंद, १२ ला रविवारी जाहीर झालं की सगळ्यांच्या ठेवी सुरक्षित, ठेव विम्याच्या मर्यादेच्या वरच्यासुद्धा. शेअरधारकांना काही नाही. आपल्याकडच्या कितीतरी स्टार्टअपचे पैसे तिथे होते, सोमवारी पगार कसे करायचे म्हणून संस्थापकांची झोप उडाली होती. वाचवायचं कोणाला हे ज्याने पटकन ठरवलं त्याने बरोबर ठरवलं असं माझं मत. फक्त मर्यादेच्या वरचे पैसे पण देऊन टाकले, त्यामुळे पुढच्या वेळी मोठे ठेवीदार बँक बघून निवडतील का, ही शंका रास्त आहे.

कंपनी गेली तर माझ्या डेटाचं काय होतं?

तो मालमत्ता म्हणून विकला जाऊ शकतो. २०२५ मध्ये अमेरिकेत २३अँडमी ही डीएनए तपासणारी कंपनी दिवाळ्यात गेली, दीड कोटी लोकांची माहिती तिच्याकडे, आणि लोक घाईघाईने आपापली माहिती डिलीट करायला धावले. शेवटी तिच्याच संस्थापक बाईंच्या ना-नफा संस्थेने ती घेतली. म्हणून ॲप बंद व्हायच्या गोष्टी कानावर आल्या की अकाउंट आधीच डिलीट करा, नंतर ऐकायला कोणी नसतं.

माझी कंपनी डळमळतेय असं वाटतंय. सरकार काय करेल ते करेल, मी आज काय करू?

पीएफ पासबुक आजच बघा, महिन्याला एकदा बघायची सवय लावा. पगार उशिरा येणं ही एक खूण आहे पण पीएफ न भरणं ही त्याच्या आधीची खूण असते, कारण ते लगेच कुणाच्या लक्षात येत नाही. टीडीएस भरलाय का ते फॉर्म २६एएस मध्ये दिसतं, तेही बघा. ऑफर लेटर, सगळ्या पगाराच्या स्लिपा, वाढीव पगाराचे मेल, हे सगळं स्वतःच्या मेलवर किंवा घरच्या कॉम्प्युटरवर ठेवा, कारण शेवटच्या दिवशी पहिल्यांदा लॉगिन बंद होतं (फक्त स्वतःची कागदपत्रं हं, ग्राहकांचा डेटा किंवा कोड उचलू नका, त्यात तुम्हीच अडकाल). पाच वर्षं पूर्ण व्हायला थोडे महिने उरले असतील तर ग्रॅच्युइटीचा हिशेब करून मगच राजीनामा द्या.

पगार थकला तर एकट्याने मेल करत बसू नका, सगळ्यांनी मिळून लेखी द्या. लेबर कमिशनरचं ऑफिस पणजीला पाटोवर श्रमशक्ती भवनात आहे, पीएफचं ऑफिसही पाटोवरच, एकाच फेरीत दोन्ही होतात, आणि पीएफची तक्रार ऑनलाइनही करता येते. कंपनी एनसीएलटीत गेल्याची जाहीर सूचना आली तर त्यात दावा दाखल करायची तारीख असते, ती चुकवू नका. कर्मचाऱ्यांसाठी वेगळा फॉर्म असतो, सगळ्यांचा मिळून एक प्रतिनिधीही भरू शकतो. तो फॉर्म रिझोल्यूशन प्रोफेशनलकडे, म्हणजे या केससाठी नेमलेल्या व्यावसायिकाकडे जातो, कंपनीच्या एचआरकडे नाही, आणि तो पाठवल्याची पोच जपून ठेवा.